बारा टोकांची चांदणी

"कागदावर केसाचाही फरक नाही, उस्ताद. मग घुमटावरच सगळं का बिघडतं?"

उस्ताद मीरान दर्ग्याच्या ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. चुन्याच्या नक्षीत त्यांची हयात गेली होती, आता हात थरथरायचे. नव्या घुमटाचं काम याकूबला, आपल्या सगळ्यांत हुशार शिष्याला द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. आणि नेमका तोच अडला होता.

याकूबची नक्षी देखणी होती, हे कबूल करायला हवं. बारा टोकांच्या चांदण्या, एकीला दुसरी भिडलेली. घुमटाच्या तळाशी त्या छान जुळल्या. वर सरकताना मात्र जागा पुरेना, एकमेकींवर चढायला लागल्या.

"बांधणाऱ्यांनी घुमटच वाकडा बांधलाय," तो म्हणाला.

"घुमट वाकडाच असतो, बाबा. नाचता येत नसेल, तर अंगणाला नावं ठेवू नयेत."

याकूबचे कान लाल झाले.

"वर दहा टोकांची चांदणी चालेल?" उस्तादांनी विचारलं.

"दहाची? ती तर शिकाऊ पोरंही काढतात. माझ्या घुमटावर बाराच्या खाली काही येणार नाही."

"तुझ्या घुमटावर..."

उस्तादांनी अडकित्ता खाली ठेवला. याकूबच्याच पेटीतली कात्री घेतली आणि त्याचा कागद कडेपासून मधल्या चांदणीच्या मध्यापर्यंत सरळ कापला. हात मुळीच थरथरला नाही.

"उस्ताद! महिनाभर खपलोय मी..."

दुसरा काप. दोन टोकांची एक पाचर सुटून खाली पडली.

"आता कडा जुळव."

त्याने रागारागातच कडा जुळवल्या.

सपाट कागद मधोमध आपोआप वर उठला. हातात इवलासा घुमट उभा राहिला. मधल्या चांदणीला दहा टोकं होती, आणि भोवतालची एकही रेघ तुटली नव्हती.

याकूबने तो उलटसुलट फिरवून पाहिला.

"चुकलो," तो शेवटी म्हणाला. "काम मलाच द्या, उस्ताद. वर जाताना टोकं कमी करत नेईन. पण अगदी शेंड्याला किती ठेवू?"

उस्तादांनी खाली पडलेली पाचर उचलली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"वर पोचशील तेव्हा तुझ्या त्या 'मी'ची किती टोकं उरली असतील, तेवढी ठेव."