शिंपल्याची खिडकी

फार पूर्वी, फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर, लुमिंगच्या घराला पातळ शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी होती. त्यातलं एक फुटलं, तेव्हा सुतारानं तिथे काच बसवली.

"आंधळे कुठले! तुमच्यातून काही दिसतं का?" काच फणकारली. "उद्या तुम्हाला उपटून माझ्या बहिणी बसवतील."

शेजारचा शिंपला संतापला. "समुद्राच्या तळाशी वाढलोय आम्ही, तुझ्या धमकीला भीक घालत नाही. आम्ही उजेड आत घेतो, परक्याची नजर नाही!"

दुपारी लुमिंग बाळाला पाजायला बसली. रस्त्यावरचे दोघे काचेतून आत डोकावले. ती ताडकन उठली आणि तिनं काचेवर जाड फडकं ठोकलं.

शिंपल्यातून मात्र दुधाळ उजेड बाळाच्या गालावर उतरतच होता. "आता बोल," तो काचेला म्हणाला, "आंधळं कोण?"