भोंगा कोणत्या फरशीवर?

एकदा एका धरणावर, ऐन श्रावणात, पाणी भराभर चढू लागले. पाच वाजता दरवाजे उघडणे भाग होते. त्याआधी भोंगा वाजतो, म्हणजे नदीपात्रात उतरलेली माणसे-गुरे काठावर येतात. चार वाजता चाचणी घेतली, तर भोंगा मुका! मोटारसायकलवर एकाला पिटाळले होते, पण चार कोसांच्या पात्रात तो कुणाकुणाला हाका मारणार?

दरवाजे आणि भोंगा संगणकच चालवायचा. त्यासाठी धरणाची मांडणी संगणकात भरली होती ऋजुता नावाच्या तरुण अभियंतीने, आदल्याच आठवड्यात. धरणाच्या कंसात दरवाजे आणि भोंगा, प्रत्येक दरवाजाच्या कंसात त्याची उंची आणि वेग, असे कंसात कंस. संगणकाने ते सारे एका दमात, एकाच ओळीत छापून दिले होते. तिने तो कागद तीनदा वाचला. जितके कंस उघडलेले तितकेच मिटलेले. चूक काही सापडेना.

कोपऱ्यात तिचे गुरू बसले होते. निवृत्त होऊनही पावसाळ्यात हटकून धरणावर येणारे वृद्ध अभियंते, सगळ्यांचे तात्या. त्यांनी काय करावे? पाणीपातळीच्या फळ्यावरचा खडू उचलला, तिला उंबऱ्यावर उभे केले आणि मोठ्याने वाचायला सांगितले. कंस उघडला की एक फरशी पुढे, मिटला की एक फरशी मागे.

म्हाताऱ्याला चळ तर लागला नाही ना, असे ऋजुतेच्या मनात आले. साडेचार वाजले होते आणि हे तिला फरश्यांवर नाचवत होते. पण शब्द मोडवेना. ती रडवेल्या आवाजात वाचू लागली, आणि ती जिथे उभी असेल त्या रांगेत तात्या गुडघे धरून एकेक नाव लिहू लागले. दरवाजा एक, पहिल्या फरशीवर. त्याची उंची आणि वेग, दुसरीवर. मग एक फरशी मागे. दरवाजा दोनचेही तसेच. दरवाजा तीन. उंची. वेग. भोंगा.

ती थबकली. पाय दुसऱ्या फरशीवर होते. भोंगा तर दरवाजांच्या बरोबरीने पहिल्या फरशीवर हवा! तिसऱ्या दरवाजाचा कंस मिटण्याआधीच तो आत अडकला होता. आणि तो दरवाजा दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला, म्हणून त्याच्या पोटातले सगळेच झोपलेले.

तिने संगणकात तो मिटणारा कंस भोंग्याच्या आधी नेला. पाचला बारा मिनिटे असताना भोंगा असा गरजला की काचा थरथरल्या. खाली माणसे गुरे हाकत वर चढू लागली. पात्र मोकळे झाल्याचा फोन आला, तेव्हाच दरवाजे उघडले.

ऋजुता खडूच्या नावांशेजारी बसली. "तीनदा वाचला होता हो मी तो कागद, तात्या."

"बाळ, कागद खोटा नव्हता," तात्या म्हणाले. "यंत्राला एक ओळ पुरते. कोण कुणाच्या पोटात आहे ते त्याला तसंही कळतं. माणसाला ते डोळ्यांनी दिसावं लागतं. म्हणून जे आत आहे, ते आत सरकवून लिहावं. मी एक अक्षर बदललं नाही, फक्त प्रत्येकाला त्याची जागा दिली."

दुसऱ्या दिवशी तिने संगणकाकडून मांडणी तशीच छापून घेतली: नावागणिक नवी ओळ, कंसागणिक एक पाऊल आत. फरशीवरचा खडू मात्र तिने आठवडाभर कुणाला पुसू दिला नाही.

आपणही कुणाला काही लिहून देताना, वाचणारा कोणत्या फरशीवर उभा आहे एवढे बघावे.