एकाच शब्दाचा मांत्रिक

फार पूर्वी, मंत्र चालत असत त्या काळात, एका डोंगरावर मांत्रिकांचा मठ होता. तिथल्या गुरुमाई प्रत्येक शिष्याच्या कानात एकच शब्द सांगायच्या. कुणाला 'पेट', कुणाला 'वाढ', कुणाला 'थांब'. शिष्य तो शब्द घेऊन गावोगाव जायचा आणि त्याच्यावर जन्मभर पोट भरायचा.

एका तरुणाच्या वाट्याला 'उघड' आला. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"माई, याने मी काय करणार? लोकांची कुलपं उघडत बसू?"

"लोक ज्याला ज्याला 'उघडतं' म्हणतात, ते सगळं तुझं," माई म्हणाल्या. "मंत्र वस्तूला कळावा लागतो, बाळा. आणि लोक तिच्याबद्दल जो शब्द वापरतात, तोच तिला कळतो. नाहीच पुरला, तर परत ये. हा ठेवून दुसरा ने. पण एकदा ठेवलेला शब्द पुन्हा मिळायचा नाही."

तरुण एका गावात येऊन राहिला. गाव उताराला आणि गावाच्या वर मातीच्या बांधाचा मोठा तलाव. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'उघड्या' ठेवलं. बिचारा भर उन्हाळ्यातही अंगभर कपडे घालून हिंडायचा, तरी ते नाव काही सुटलं नाही.

कुणाचं गंजलेलं कुलूप, कुणाच्या लोणच्याच्या बरणीचं गच्च बसलेलं झाकण, असली कामं त्याला मिळायची. त्यावर भाकरीची सोय व्हायची. पण माणूस भारी चौकस. दिसेल त्याला 'उघड' म्हणून बघायचा. दोरीच्या गाठीला म्हणाला, गाठ ढिम्म. गाठ सुटते, ती कशाला उघडेल? अक्रोडाला म्हणाला, पण अक्रोड फुटतो. जास्वंदीच्या कळीपुढे सकाळभर बसला, पण कळी उमलते. गोठ्यातल्या कुत्रीच्या पिल्लांना म्हणाला, तेव्हा मात्र मिटलेले डोळे पटापट उघडले. मग तो पाटलांच्या रुसून बसलेल्या जावयाला म्हणाला. जावयाने तोंड उघडलं, ते रात्री जेवणापर्यंत मिटलंच नाही. सासऱ्याबद्दलचं मनातलं सगळं त्याने ओसरीवर बसून सांगितलं. तेव्हापासून पाटलांचा मांत्रिकावर राग होता.

त्या वर्षी पावसाने गावावर ठाण मांडलं. शेजारच्या कुंभारीण मावशीची कच्ची मडकी ओसरीत तशीच पडून होती. ती रोज दारात येऊन आभाळाकडे बघायची आणि म्हणायची, "उघडू दे बाई आता. भट्टी लावायचीय."

पाऊस काही तिचं ऐकेना. तलाव काठोकाठ भरला. बांध भिजून मऊ झाला आणि एका जागी पाणी झिरपू लागलं. मांत्रिकाने तलावातलं पाणी सोडायच्या मोरीचं गंजलेलं दार उघडून दिलं, पण जात होतं त्याहून जास्त पाणी वरून येत होतं. म्हातारी माणसं आणि पोरं टेकडीवरच्या देवळात नेली. घरं, गोठे आणि शेतातलं पीक कुठे नेणार? बाकीचे बांधावर मातीच्या पाट्या टाकत राहिले.

पाटलांनी मांत्रिकाला गाठलं. "नदीपलीकडे 'थांब'वाला आहे म्हणतात, पण या पुरात नदी कोण ओलांडणार? तू मठात जा. तुझा शब्द ठेव आणि 'थांब' घेऊन ये. नाहीतरी तुझ्या शब्दाचा उपयोग काय?"

मांत्रिकाला ते फार लागलं. त्या शब्दावर त्याचा जीव जडला होता. अजून कितीतरी गोष्टींना तो म्हणून बघायचा राहिला होता. पण गाव बुडत असताना शब्द कवटाळून कसं बसणार? तो परत येईपर्यंत बांध टिकेल, याचीही खात्री नव्हती. त्याने डोक्यावर इरलं घेतलं आणि निघाला.

मावशी मडकी माळ्यावर चढवत होती. "कुठं निघालास रं एवढ्या पावसाचं?"

"शब्द बदलून आणायला."

"जरा कमी तरी होऊ दे."

"आता कुठला कमी होतोय, मावशी? हा उघडायची वाट बघत बसलो तर गाव..."

स्वतःचाच शब्द त्याला नव्याने ऐकू आला.

"मावशी, मी आत्ता काय म्हणालो?"

"उघडायची वाट बघत बसलो तर, म्हणालास."

"पाऊस उघडतो?"

"मग काय करतो? मी रोज दुसरं काय म्हणतीय?"

पावसालाच 'उघड' म्हणतो, असं ओरडत तो चिखल तुडवत बांधाकडे पळाला. त्याने आभाळाकडे तोंड केलं तोच पाटलांनी त्याचा दंड धरला.

"पावसाला 'उघड' म्हणतोस? आम्ही बंद कर म्हणतोय आणि तू आणखी उघडणार? सगळं गाव धुऊन जाईल."

भीती मांत्रिकालाही तीच होती. गाठीने आणि अक्रोडाने ऐकलं नाही, एवढंच झालं होतं. पावसाने ऐकलं आणि भलतंच ऐकलं तर?

"पाटील," तो म्हणाला, "पाऊस गेला की तुम्ही घरात काय म्हणता?"

"काय म्हणणार? म्हणतो, पाऊस..." पाटील अडखळले. दंडावरचा हात सैल झाला.

"उघडला," मागे कुणीतरी पाटी खाली ठेवत म्हणालं.

मांत्रिकाने डोळे मिटले आणि हळूच म्हटलं, "उघड."

आधी काहीच झालं नाही. मग थेंब विरळ झाले. टेकडीवर जरा उजळलं आणि बघता बघता सगळ्या बांधावर ऊन पडलं. पावसाच्या आवाजाची इतकी सवय झाली होती की शांतता ऐकायला वेळ लागला. मग पाटलांनीच पहिली पाटी उचलली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी बांध पक्का केला. मोरीतून पाणी जात राहिलं आणि तलाव हळूहळू उतरला.

मावशीने भट्टी लावली, त्या सकाळी मांत्रिक पुन्हा इरलं काखेत घेऊन निघाला. पाटील आडवे आले. त्यांचा आवाज नरमला होता.

"आता कशाला जातोस मठात? आमचं काही चुकलं असेल तर राहू दे. तो शब्द ठेवू नकोस."

"ठेवायला नाही जात, पाटील. माईंना विचारायचंय, पावसाचं त्यांना आधीपासून माहीत होतं का." तो जरा घुटमळला. "आणि वाटेत जी गावं लागतील, तिथे लोक आणखी कशाकशाला 'उघडतं' म्हणतात, तेही ऐकायचंय."

तात्पर्य एवढंच: आपल्याजवळचं अपुरं पडतं म्हणून टाकून देण्याआधी, ते आपल्याला पुरतं कळलंय का, हे बघावं.