चौथी हाक

शालिवती नगरीत भूरिसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने सार्थवाहांच्या कुळात जन्म घेतला. वेणुदत्त हे त्याचे नाव. सार्थवाह म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्याचा पुढारी. बैलगाड्यांचा मोठा तांडा घेऊन वेणुदत्त चाळीस वर्षे दूरदेशी ये-जा करीत होता. त्याचा पाणवठा कधी चुकला नाही आणि त्याच्या गाड्यांना चोरांनी कधी हात लावला नाही.

तांड्यांचा एक रिवाज होता. कोणी आजारी पडला, तर मुक्कामाच्या झाडाखाली त्याला निजवायचे. निघताना सार्थवाहाने त्याच्या नावाने तीन हाका मारायच्या. त्याने ओ दिली तर गाडीत घ्यायचे. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, तर उशाशी पाण्याचे मडके ठेवायचे आणि चालू लागायचे. मग मागे वळून कोणी पाहायचे नाही. शालिवतीचाही एक रिवाज होता. परक्या आजाऱ्याला वेशीच्या आत घ्यायचे नाही. दोन्ही रिवाजांना लोक शहाणपण म्हणत. वेणुदत्तही म्हणत असे.

एके वर्षी वाटेतल्या मुक्कामी, शालिवतीच्या पूर्व वेशीबाहेरच्या वडाखाली, सोण तापाने फणफणला. सोण हा तांड्याचा आचारी, वेणुदत्ताचा लहानपणापासूनचा सोबती. वेणुदत्ताने तीन हाका मारल्या. सोण हलला नाही. तांडा निघाला.

सहा महिन्यांनी परतताना, वेशीपासून कोसभर अंतरावर, रस्त्याच्या कडेला वेणुदत्ताला एक पितळी पळी दिसली. ती सोणची होती. पळीजवळ रिकामे मडके होते आणि मडक्याजवळ सोणची हाडे. सोण वडाखाली मेला नव्हता. तो उठला होता आणि आपल्या माणसांच्या गाड्यांची चाकोरी धरून कोसभर चालत आला होता.

वेणुदत्त तिथेच बसला आणि सगळ्या तांड्यादेखत मोठमोठ्याने रडला. मग त्याने तांडा मुलाच्या स्वाधीन केला आणि स्वतः त्या वडाखाली राहायला आला. तेव्हा त्याला अडुसष्टावे वर्ष लागले होते.

त्याने वडाला लागून आजाऱ्यांच्या निवाऱ्यासाठी एक शाळा उभारली. खांब आणि वर गवताचे छप्पर, एवढेच. भिंती नाहीत, दार नाही. मागे टाकलेला कोणीही तिथे यावा, त्याला गाव, कूळ, देव काही विचारायचे नाही, असा नियम होता. मदतीला आली तीही सगळी पिकली पाने. वसुला नावाची सुईण आली. हात थरथरतात म्हणून तिला आता बाळंतपणाला कोणी बोलावत नव्हते. हरिल नावाचा लंगडा शिपाई आला. त्याला सेनेतून घरी बसवले होते, आणि घरी सुनेने ओसरीवर. अशी दहाबारा जणे जमली. नगरातले लोक हसत. नातवंडे खेळवायच्या वयात परक्यांची ओकारी काढत बसलेत, यांना म्हातारचळ लागलाय, असे म्हणत. वसुला म्हणायची, "हसू द्या. हसणाऱ्यांनी निदान रिकाम्या हातांनी घागरी तरी भरून आणाव्यात."

रोज सकाळी ती माणसे वडाच्या बुंध्याशी पाणी घालून हात जोडत. मग एकेका आजाऱ्यापाशी बसून त्याच्या नावाने हाका मारत. तिसरीवर कोणी थांबत नसे. वेणुदत्त सांगत असे, "कोणाचे किती आयुष्य उरले ते आपल्याला दिसत नाही. ते धर्माला ठाऊक. हाक आपली, ओ त्याची. म्हणून चौथी मारायची."

चार वर्षे गेली. कितीतरी माणसे बरी होऊन आपापल्या वाटेने गेली. कितीतरी गेली नाहीत, ती तिथेच मेली, पण त्यांचा हात कोणाच्या तरी हातात होता. होता होता कीर्ती राजाच्या कानी पोहोचली. भूरिसेन राजा वाईट नव्हता. त्याला चांगल्या गोष्टी आवडत, फक्त त्या आपल्या नावाने व्हाव्यात असे वाटे. त्याने निरोप धाडला, "इथे मी दगडी शाळा बांधून देतो. माझा वैद्य दारात उभा राहील. बरा होण्याजोगा असेल त्याला तो आत घेईल. बाकीच्यांना नाही. राजाच्या धर्मशाळेत प्रेते निघणे शोभत नाही."

वेणुदत्ताने नकार कळवला. राजाला नकार ऐकायची सवय नव्हती. शुभारंभ म्हणून त्याने आधी दारच पाठवले. सागवानाच्या दोन फळ्या, त्यांवर कमळे आणि मोर कोरलेले. सोबत राजवैद्यही आला. फळ्या वडाला टेकवून ठेवल्या आणि वैद्य त्यांच्यापाशी आसन घालून बसला.

त्याच दिवशी मिठाचा एक तांडा पुढे गेला आणि अकरा माणसे मागे टाकून गेला. शाळेत बाजा पुरेनात. जमीन ओली होती. वसुलाने त्या फळ्यांकडे पाहिले.

"या उभ्या कशाला ठेवल्यात?" ती म्हणाली. "हरिला, धर रे त्या टोकाला."

वैद्य ओरडत राहिला आणि म्हाताऱ्यांनी राजाचे दार आडवे केले. खाली विटा लावल्या, वर गवत पसरले. एका फळीवर दोन मुले निजवली. दुसरीवर नंदक नावाचा मीठवाला निजवला. अकरा जणांत त्याचीच अवस्था सर्वांत वाईट होती.

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः आला. हत्तीवरून उतरला तोच संतापाने लाल झालेला. वेशीपाशी ही गर्दी जमली.

"म्हाताऱ्या, माझ्या दाराची तू बाज केलीस?"

"होय महाराज. दार म्हणून त्याचा इथे काही उपयोग नव्हता."

"आजच्या आज हे छप्पर जाळून टाकीन. तुला हद्दपार करीन."

"मला?" वेणुदत्त म्हणाला. "महाराज, माझे सारे आयुष्य रस्त्यावर गेले. हद्दीबाहेरही झाडे आहेत, आणि त्यांच्याखाली आजारी माणसे आहेत. तिथे शाळा घालीन. ही सगळी माझ्याबरोबर येतील. आमची वये पाहा. आम्हाला भीती दाखवायला तुम्ही फार उशिरा आलात."

वसुला पदर खोचून त्याच्या शेजारी उभी राहिली. हरिल लंगडत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. मग बाकीची म्हातारी माणसेही आली. राजाने शिपायांना खूण केली. शिपाई पुढे आले, पण हरिलच्या हाताखालीच ते भाला धरायला शिकले होते. ते खाली पाहत उभे राहिले.

वैद्य पुढे होऊन म्हणाला, "महाराज, निदान हा नंदक तरी दारावरून उतरवा. मी सकाळी त्याला तीन हाका मारल्या. ओ नाही. तो संपल्यातच जमा आहे."

"ऐकलेस?" राजा म्हणाला. "उतरव त्याला."

"मी उतरवणार नाही," वेणुदत्त म्हणाला. "तिसऱ्या हाकेवर मी एकदा माणूस सोडला आहे. तो उठून माझ्या मागे चालत आला होता. दार तुमचे आहे, महाराज. तुम्हीच उतरवा. पण आमच्या शाळेचा नियम मोडू नका. आधी चौथी हाक मारा."

सगळी वेस बघत होती. म्हाताऱ्याला खोटे पाडावे म्हणून राजा खाली वाकला आणि दरडावून म्हणाला, "नंदका!"

नंदक हलला नाही.

"झाले तुझ्या मनासारखे?"

"तो उठेल असे मी म्हटले नव्हते," वेणुदत्त म्हणाला. "हाक मारा म्हटले होते. जवळ बसून मारा."

राजा चिडून फळीच्या कडेवर बसला. पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. जवळून त्याला त्या माणसाचे फाटलेले ओठ दिसले आणि पापण्यांवर साचलेले मीठ दिसले. राजाला जन्मात कोणाला दोनदा हाक मारावी लागली नव्हती. सातव्या हाकेला त्याचा आवाज खाली आला होता. घरातल्या माणसाला उठवावे तसे तो म्हणाला, "नंदका... अरे नंदका."

"ओ," नंदक म्हणाला.

मग त्याने डोळे न उघडताच विचारले, "तांडा गेला का?"

राजा आणखी खाली वाकला. तो म्हणाला, "मी आहे." वसुलाने त्याच्या हातात पाण्याचा द्रोण दिला, आणि राजाने तो नंदकाच्या ओठांशी धरला.

नंदक वाचला नाही. तो तिसऱ्या दिवशी गेला. त्या तीन दिवसांत त्याने आपल्या गावाचे नाव सांगितले, बायकोला निरोप सांगितला आणि दोनदा पेज मागून घेतली. राजा तिन्ही दिवस आला. दगडी शाळेची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. दार मात्र आडवेच राहिले, आणि परक्या आजाऱ्यासाठी नगराची वेस उघडी झाली.

जेतवन विहारात भिक्षूंना ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "आज खेमिका उपासिका सत्तराव्या वर्षी रुग्णांची सेवा मांडून बसली आहे, आणि एक भिक्षू तिला म्हणाला की, आजीबाई, आता घरी बसा. तेव्हाचा राजवैद्य तो हा भिक्षू. राजा भूरिसेन म्हणजे तिच्यासाठी आज पाणी वाहणारा इथला नगरशेठ. वसुला सुईण ती ही खेमिकाच, आणि तेव्हाही ती घरी बसली नव्हती. वेणुदत्त सार्थवाह मी होतो. उतारवयातही जो आपल्या निश्चयावरून ढळत नाही, त्याची ती अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता, जाणावी."

"आणि सोण?" त्या भिक्षूने खाली मान घालून विचारले.

शास्ता म्हणाले, "तो आजही कोणत्यातरी झाडाखाली मागे राहिला आहे. जा, हाक मार."