जांभळं धान

“मग मला आज्ञा केव्हा, बाबा?”

नीळकंठाने पुन्हा तेच विचारलं.

कवडूबाबा मठाच्या ओसरीवर पाय सोडून बसले होते. समोर तलाव, तलावाखाली मठाची धानाची बांधी, बांध घातलेलं भाताचं शेत. बाबा ऐकूनही न ऐकल्यासारखे.

नीळकंठ काही ऐरागैरा शिष्य नव्हता, बरं का! नागपुरात शिकलेला, पाठांतर चोख, आणि आवाज असा की कीर्तनात म्हाताऱ्या माना डुलवायच्या. आता त्याला आपला वेगळा मठ काढायचा होता, शिष्य करायचे होते. बाबांच्या आज्ञेवाचून ते जमत नव्हतं. आणि बाबा ती देत नव्हते.

“शिष्य कसे निवडशील?” शेवटी बाबांनी विचारलं.

“नजरेने. खोटा माणूस मला दारातच कळतो. तिथूनच परतवून लावीन.”

“एवढी नजर हाय?”

“आपली बांधीच बघा ना, बाबा!”

आता या बांधीचं सांगायलाच हवं. मागे बाहेरगावच्या बियाण्यातून मठाच्या बांधीत रानधान शिरलं. दिसायला हुबेहूब धान. पण पिकलं रे पिकलं की विळा लागायच्या आत दाणे मातीत झाडून मोकळं होणार, आणि पुढल्या वर्षी त्याहून जास्त उगवणार. इकडे धान फेकून पेरतात, ओळी नसतात. निंदायला बसलं तर उपटावं कोणतं आणि ठेवावं कोणतं? भल्याभल्यांनी हात टेकले.

डोकं लढवलं ते नीळकंठाने. त्याने कुठूनसं जांभळ्या पानाच्या धानाचं बियाणं आणलं. आपण पेरलेलं जांभळं, म्हणजे हिरवं दिसेल तो चोर. धर आणि उपट! गावाने त्याला डोक्यावर घेतलं. दर पावसाळ्यात तो स्वतः चिखलात उतरायचा, आणि दर पावसाळ्यात हिरवं कमी कमी होत गेलं. यंदा तर औषधालासुद्धा हिरवं पान सापडलं नाही.

“चोर एक तरी उरला असेल तर दाखवा,” नीळकंठ म्हणाला. “मग आज्ञा देऊ नका.”

बाबा उठले.

“चाल.”

धान कापणीला आलं होतं. धुऱ्यावरून, बांधीच्या कडेच्या बांधावरून, बाबा पुढे, नीळकंठ मागे. एका जांभळ्या रोपाशी बाबा थांबले. लोंबीखाली तळहात धरला आणि वरून हलकेच टिचकी मारली. दाणे जागचे हलले नाहीत.

शेजारी दुसरं रोप. तसंच जांभळं, तेवढंच उंच. बाबांनी टिचकी मारली...

सगळे दाणे भुरभुर तळहातात आले.

त्याच्या पलीकडच्या रोपाचं तेच झालं. त्याच्याही पलीकडच्याचं तेच.

नीळकंठाच्या तोंडचं पाणी पळालं. “हे... रानधान?”

“हो.”

“पण हे तर जांभळं आहे!”

“फुलोऱ्यात वाऱ्याले कोण अडवते, बापू? तुझ्या धानाचे पराग उडाले, रानधानावर पडले. त्याचं एखादं लेकरू जांभळं निपजलं.”

“एखादं ना? मग एवढी सगळी कुठून आली?”

बाबांनी तळहातातले दाणे न्याहाळले.

“हिरव्याचं काय केलं तू?”

“उपटलं.”

“सगळं?”

“सगळं.”

“आन् जांभळ्याचं?”

जांभळ्याला नीळकंठाने पाणी दिलं होतं, खत दिलं होतं. त्याच्या मुळाशी बसून आजूबाजूची हिरवी रोपं वेचून काढली होती. जागा करून दिली होती त्याला, पसरायला!

तो मटकन धुऱ्यावर बसला. आधी त्याला संताप आला. मग लाज वाटली. मग मान वर करून त्याने बांधीकडे पाहिलं आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. या तलावापासून त्या झाडीपर्यंत सगळी बांधी वाऱ्यावर हलत होती. त्यात घरचं कोणतं आणि रानातलं कोणतं, त्याला सांगता येत नव्हतं. याला डोळे नाहीत, कान नाहीत, एका जागेवरून पाऊल टाकता येत नाही. आणि तरी माझी नजर याने ओळखली? मी काय बघतो, काय सोडतो, ते याच्या बियांत उतरलं? अरे बाप रे! त्याचे हात आपोआप जोडले गेले.

“बाबा, एवढी अक्कल याला आली कुठून?”

बाबा हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

“मी बी रोज येऊन पाहतो,” ते म्हणाले. “रोज नवल वाटते.”

तेही त्याच्या शेजारी धुऱ्यावर टेकले. आज्ञेचं कोणी काढलं नाही.

पण हाताला लागलेली सवय ती. उठता उठता नीळकंठाने समोरचं एक झडलेलं जांभळं रोप मुठीत धरलं आणि उपटायला जोर लावला.

बाबांनी त्याचं मनगट पकडलं.

“राहू दे, बापू. अजून किती शिकवशील त्याले?”