तीन दगडांची एक दिशा

नदीकाठची वस्ती नवी होती तेव्हाची गोष्ट. एका बाईने ओढ्यातले तीन काळे दगड आणून चूल मांडली. तिघेही लाव्हारसातून जन्मलेले, पोटात उत्तर लक्षात ठेवणारे चुंबकाचे कण; पण ओढ्यात गडगडून तिघांची तोंडं तीन दिशांना झालेली. लगेच भांडण जुंपलं. "उत्तर मी दाखवतो तिकडेच!" प्रत्येकाचं एकच म्हणणं.

"आधी भाकऱ्या होऊ द्या, मग भांडा," बाई वैतागून म्हणाली.

चूल धगधगली. दगड लालबुंद झाले, पोटातल्या कणांची जुनी दिशा पुसली गेली आणि ते आपापला हट्ट विसरले. निवताना तिघांनीही खरी उत्तर दिशा धरून ठेवली.

पुढे वस्ती उठली, माती चढली. हजारो वर्षांनी उत्खननात ते दगड उघडे पडले.

"ओढ्यातून वाहून आलेत, फेका," मुकादम म्हणाला.

"हात लावू नका!" संशोधक सुनेत्राताई धावल्या. त्यांनी प्रत्येक दगडावर खडूने उत्तरेचा बाण काढला, मगच तो उचलून पोटातल्या चुंबकाची दिशा मोजणाऱ्या यंत्राखाली ठेवला. वाहून आलेल्या दगडांनी तीन दिशा सांगितल्या असत्या. या तिघांनी एकच सांगितली.

"अहो, चूल आहे ही! इथं माणसं जेवलीत!" ताई नाचायलाच लागल्या.

तिघांतला थोरला दगड हळूच म्हणाला, "ओळखलं रे आपल्याला! आता कुणीतरी पीठ मळा म्हणावं."