चांगुणाची सुरगाठ

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. ती ताईची आहे आणि तिला ती स्वतः सांगायची होती. पण ताई अजून प्रयोगशाळेतून आलेली नाही, तोवर लिहून टाकते.

एका गावात घरोघरी एकच पोथी होती, अक्षर न् अक्षर सारखी. कुंभार मडक्यांची पाने उघडी ठेवी, विणकर मागाची. बाकीची पाने दोऱ्याने बांधलेली असत. त्या गाठी मारायचे काम चांगुणाकडे होते. ती फार कमी बोलायची.

एके दिवशी एक पाहुणा आला. त्याच्याजवळ ना घर, ना चूल, फक्त एक पान. ते त्याने हळूच एका पोथीत सरकवले. पोथीत लिहिलेले मोडायचे नाही, ही गावाची रीत. पानावर लिहिले होते, 'माझ्यासारखी पाने लिहा आणि शेजारी वाटा.' घरच्यांनी हातातली कामे टाकली आणि ते लिहीत बसले. ते घर कोसळले, मग शेजारचे.

घंटा वाजवा, दारे लावा, असे सांगणारे इशाऱ्याचे पान प्रत्येक पोथीत होते. पण त्यावर जुनी निरगाठ होती. ती दातांनी सोडवेपर्यंत अर्धी आळी गेली. त्यात चांगुणाच्या बहिणीचेही घर होते.

शेवटी घंटा वाजली, दारे लागली आणि संकट टळले. मग लोक म्हणाले, ते पान आता कायम उघडेच ठेवू. गावच्या खोतांनी नकारार्थी मान हलवली. पलीकडच्या गावाने तसेच केले होते. तिथे वाऱ्याने कडी हलली तरी घंटा वाजे, आणि शेवटी लोकांनी आपल्याच जावयाला बडवून काढले.

"पूर्वीसारखीच निरगाठ मार, चांगुणे," खोत म्हणाले. "दुसरी दिसली तर हे काम तुझं नाही."

चांगुणा घरोघरी फिरली. पण बहिणीचे मोडलेले दार तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिने प्रत्येक पानाला सुरगाठ मारली. दिसायला घट्ट, पण टोक ओढले की सुटणारी. कुणी वेगळे बिऱ्हाड केले, तर त्या नव्या पोथीलाही तशीच.

पुढच्या वर्षी दुसराच पाहुणा आला. वेष वेगळा, पान वेगळे. पहिल्याच घरातल्या म्हातारीने टोक ओढले आणि घंटा वाजली. तोवर तीनच पाने लिहून झाली होती. ती चुलीत गेली. संध्याकाळी माग पुन्हा खडखडू लागले.

खोतांनी लोंबता दोरा हातात घेऊन पाहिला.

"ही निरगाठ नाही."

"नाही, खोत."

त्यांनी दोरा खाली सोडला. मग हळूच म्हणाले, "माझ्या घरची पण अशीच बांधलीस ना?"

"तुमची तर सगळ्यात आधी."

खोतांनी सुटकेचा श्वास सोडला. चांगुणाचे काम चांगुणाकडेच राहिले.

ताई म्हणते, हे गाव म्हणजे आपले शरीर. घरे म्हणजे पेशी, पोथी म्हणजे त्यांतली जनुके, पाहुणा म्हणजे विषाणू. पोथीतले अक्षर बदलत नाही, गाठी मात्र बदलतात. त्या गाठींच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात.

तात्पर्य: संकटाची आठवण उघडी टाकून रोज घाबरू नये आणि घट्ट बांधून विसरूही नये, ती वेळेला एका ओढीत सुटेल अशी ठेवावी. शरीरातली सुरगाठ किती वर्षे टिकते हे अजून कुणालाच नीट कळलेले नाही, पण ताईला वाटते की— हो ताई, आले, मी फक्त